काळ्या मेटल कार्डावर डायोड लेझरनं कोरलेला क्यूआर कोड सगळ्या फोनवर स्कॅन होईना

गोदाकाठ_ट्रॉफी, नांदेड

नमस्कार मंडळी. नांदेडात माझं ट्रॉफी, नेमप्लेट, सबलिमेशन मगचं छोटं दुकान आहे. ५ वॅट ऑप्टिकल पॉवरचा निळा डायोड लेझर आहे, त्याच्यावर एमडीएफ, लाकूड, काळं ॲक्रेलिक हे सगळं व्यवस्थित निघतं. आता एका डॉक्टर मॅडमनी शंभर मेटल व्हिजिटिंग कार्डांची ऑर्डर दिलीय, काळं कार्ड, पुढच्या बाजूनं नाव आणि दवाखान्याचा पत्ता, मागं क्यूआर कोड, पेशंटनं स्कॅन केला की नाव-नंबर सरळ फोनमध्ये सेव्ह व्हावं एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

नाव एकदम झकास येऊलालंय. अडचण फक्त क्यूआरची. दिसायला तोही चांगला दिसतो, काठ सरळ, कुठं जळाल्यासारखं नाही, पण स्कॅन करायला गेलं की प्रत्येक फोनचं वेगळंच. मॅडमच्या नव्या फोनवर लगेच उघडतो, माझ्या फोनवर पुढंमागं करत बसलं की कधीतरी उघडतो, आणि त्यांच्या कंपाउंडरच्या जुन्या फोनवर तर अजिबातच उघडंना. पेशंट सगळे लोहा, कंधार, मुखेडकडचे, बऱ्याच जणांकडं साधेच फोन असतात, त्यामुळं नव्या फोनवर चालतो म्हणून ऑर्डर देऊन टाकणं मला पटत नाही.

माहिती देतो. कार्ड ८६ बाय ५४ मिमी, जाडी ०.२ मिमी, ऑनलाइन मागवलेलं, वर्णनात फक्त ब्लॅक मेटल एवढंच लिहिलेलं होतं. कोड २५ मिमीचा चौकोन आहे आणि त्याच्या भोवती लगेच नक्षीची बॉर्डर. आत पूर्ण व्हीकार्ड (फोनमध्ये सेव्ह होणारं कॉन्टॅक्ट) टाकलंय, नाव आणि पत्ता मराठीत, दोन मोबाईल नंबर, वेळ, सगळं मिळून ३०० बाइटच्या आसपास. एरर करेक्शन लेव्हल (कोडचा किती भाग खराब झाला तरी वाचावा ते) एच ठेवली कारण तीस टक्के खराब झाला तरी वाचतो असं म्हणतात. स्पीड ३००० मिमी प्रति मिनिट, पॉवर १०० टक्के, लाइन इंटरव्हल ०.१.

आता पॉवर तर फुल्लच आहे, मग दोन पास मारू का? का हे डायोडचं कामच नाही आणि धातूसाठीचा फायबर लेझर घ्यावा लागंल? आणखी एक, इथल्या एका हॉटेलवाल्यांना काउंटरवर लावायला स्टीलच्या प्लेटवर यूपीआयचा कोड पाहिजे, तो ह्या मशीनवर होईल का तेही सांगा.


वाळूज_टूलरूम, छत्रपती संभाजीनगर

दादा, दुसरा पास अजिबात मारू नका आणि फायबरचा विचारही आत्ता बाजूला ठेवा. तुमचं मशीन काम बरोबर करतंय, फाइल चुकीची बनलीय. माझं रोजचं काम फायबर मार्किंगचंच आहे, ऑटोच्या पार्टवर कोड मारतो आणि तो पुढं कंपनीच्या स्कॅनरवर पास झाला नाही तर पूर्ण लॉट परत येतो, त्यामुळं कोड कामून वाचला जात नाही ह्याच्याशी माझं रोजचं भांडण. क्यूआरचा जन्मही ह्याच कामातून झालाय, १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमनं गाड्यांच्या पार्टचा हिशेब ठेवायला तो बनवला.

पहिली गोष्ट, तुमचा कोड उलटा आहे. क्यूआरची मूळ रचना म्हणजे उजेड जमिनीवर गडद चौकोन. लाकडावर लेझर जिथं लागतो तिथं काळं होतं म्हणून तिथं फाइल जशी आहे तशी मारली तरी बरोबर येते. काळ्या कार्डावर लेझर जिथं लागतो तिथं पांढरं होतं. म्हणजे तुम्ही काळे चौकोन कोरले आणि ते पांढरे झाले, कोडचा निगेटिव्ह तयार झाला. नवे फोन निगेटिव्हही वाचतात, जुने फोन आणि बरीच ॲप वाचत नाहीत. तुमच्या मॅडमचा फोन आणि कंपाउंडरचा फोन ह्यातला फरक बहुतेक एवढाच आहे. आपल्याकडच्या बिदरी कामात काळ्या जमिनीत चांदी बसवतात ना, तसा विचार करा, तुम्हाला काळं आहे तसं सोडायचंय आणि त्याच्या भोवतीचा उजेड भरायचाय.

लेझर चालवायला लाइटबर्न सॉफ्टवेअर वापरत असाल तर सोपं आहे, कोडच्या बाहेरून एक चौकोन काढा आणि त्याच लेयरवर ठेवून फिल करा, आतलं-बाहेरचं आपोआप उलटं होतं. लेझरजीआरबीएल असेल तर चित्रच आधी इन्व्हर्ट करून घ्या, पण पांढरी समास आधी जोडा आणि मग इन्व्हर्ट करा, म्हणजे समासही कोरली जाईल. ही समास लई महत्त्वाची. कोडच्या चारही बाजूंनी चार-चार घरांची (घर म्हणजे कोडमधला एक छोटा चौकोन) मोकळी उजेड जागा लागते, तिच्यावरूनच फोनला कोड कुठं सुरू होतो ते कळतं. तुमच्या कार्डावर भोवती काळं आहे आणि वरून लगेच नक्षी आहे. नक्षी ठेवायचीच असेल तर समासच्या बाहेर ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे घराचा आकार, आणि खरं दुखणं इथंच आहे असं मला वाटतं. ३०० बाइट आणि एच लेव्हल म्हणजे व्हर्जन १८ चा कोड होतो (व्हर्जन म्हणजे कोडच्या आकाराचा नंबर), एका बाजूला ८९ घरं. २५ मिमीला ८९ नं भागा, एक घर ०.२८ मिमीचं आलं. आता तुमच्या लेझरचा ठिपका चांगल्या फोकसला साधारण ०.०८ मिमी धरू. लेझरचा मधला बिंदू जेव्हा घराच्या काठावरून जातो तेव्हा अर्धा ठिपका बाहेर पडतो, म्हणजे कोरलेलं घर दोन्ही बाजूंनी ०.०४ नं फुगतं आणि शेजारचं न कोरलेलं तेवढंच आकसतं. ०.२८ आणि ०.२८ पाहिजे तिथं ०.३६ आणि ०.२० येतं. कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांत काळं-पांढरं १:१:३:१:१ ह्या मापात असतं आणि फोन तेच माप शोधत असतो, ते बिघडलं की कोड सापडतच नाही. डोळ्याला काठ सरळ दिसतो कारण डोळा माप मोजत नाही.

तीस टक्क्यांचं म्हणाल तर ते ओरखडा, डाग, तुटलेला कोपरा ह्यासाठी आहे. सगळीच घरं सारखी बिघडलेली असतील तर त्याचा उपयोग नाही, उलट एच घेतल्यानं घरं वाढतात आणि बारीक होतात. धातूच्या कार्डावर कोड फाटत नाही, भिजत नाही, एम लेव्हल म्हणजे १५ टक्के भरपूर झाली.

आता तेच काम छोट्या लिंकवर करा. समजा लिंक ४० बाइटच्या आत आहे, तर एम लेव्हलला व्हर्जन ३ मध्ये बसते, ४२ बाइटपर्यंत. २९ घरं, दोन्हीकडची समास धरून ३७. एक घर ०.८ मिमीचं ठेवलं तर सगळं मिळून २९.६ मिमी, ५४ मिमीच्या कार्डात आरामात बसतं. मग ठिपक्याचा ०.०८ चा फरक ०.८ मध्ये दहा टक्के राहतो आणि फोन तो सहज सोसतो. लाइन इंटरव्हल ०.०८ करा, म्हणजे एका घरात बरोबर दहा ओळी येतील, अर्धी ओळ ह्या घरात अर्धी त्या घरात असं होणार नाही. अजून नेटकं पाहिजे असेल तर कोरायचा भाग ऑफसेट टूलनं आतल्या बाजूला ०.०४ नं कमी करा.

आणि फाइल व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीजी असेल तर ती वापरूच नका. तिच्यात काठावर करडे ठिपके पडलेले असतात. एसव्हीजी, म्हणजे रेषांची फाइल घ्या. चित्रच वापरायचं असेल तर थ्रेशोल्ड मोड ठेवा, डिथरिंग (करड्याचे ठिपके करणं) लावलं की काठ कुरतडल्यासारखा येतो.


गोदाकाठ_ट्रॉफी, नांदेड

दादा, लई आभार. उलटा कोड हे तर डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या, दुकानातल्या पोरांनी पण सगळे स्पीड-पॉवरच बदलून पाहिले. लाइटबर्नच आहे माझ्याकडं, आज रात्री करून बघतो. फक्त मॅडमचं म्हणणं आहे की इंटरनेट नसलं तरी नंबर सेव्ह झाला पाहिजे, मग लिंक कशी चालंल? आणि नाव मराठीतच पाहिजे त्यांना.


संगणक_ताई, बीड

दादा, ह्याचं उत्तर मी देते, मी डिप्लोमाच्या मुलांना हेच शिकवते.

मराठी अक्षर क्यूआरमध्ये महाग पडतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक खूण-अक्षर तीन बाइटचा असतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. "डॉक्टर" लिहिलं तर ड, ॉ, क, हलन्त, ट, र अशी सहा झाली, म्हणजे १८ बाइट. तेच इंग्रजी अक्षरांत दोन अक्षरं आणि टिंब, तीन बाइटमध्ये संपतं. तुमच्या ३०० बाइटमधला मोठा भाग पत्त्यानं खाल्ला असणार.

माझं मत असं की मराठी नाव आणि पूर्ण पत्ता कार्डाच्या पुढच्या बाजूला तुम्ही कोरताच आहात, माणूस ते वाचणारच आहे. कोडमध्ये जे फोनला लागतं तेवढंच ठेवा. इंटरनेटशिवाय पाहिजे असेल तर व्हीकार्डऐवजी मीकार्ड हा त्याच्यापेक्षा आटोपशीर प्रकार वापरा, त्याच्यात नाव आणि एक नंबर एवढंच इंग्रजी अक्षरांत दिलं तर ६० बाइटच्या आत बसतं आणि एम लेव्हलला व्हर्जन ४ पुरतं, म्हणजे ३३ घरं. मराठी नावच पाहिजे असेल तर फक्त आडनाव मराठीत ठेवून बघा, व्हर्जन ५, फार तर ६ पर्यंत जाईल, म्हणजे ३७ ते ४१ घरं. ०.७ मिमीच्या घरानं तेही कार्डावर बसतं. मीकार्ड जवळजवळ सगळे फोन वाचतात पण कंपाउंडरच्या फोनवर आधी कागदावर प्रिंट काढून खात्री करा. तसंही प्रत्येक कोड धातूवर मारण्याआधी त्याच मापात कागदावर काढावा, कागदावर वाचला आणि धातूवर नाही वाचला तर दोष लेझरच्या कामात, कागदावरच नाही वाचला तर दोष मजकुरात, अर्धा शोध तिथंच संपतो.

ज्यांना लिंकच टाकायचीय त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. क्यूआरमध्ये अल्फान्यूमेरिक म्हणून वेगळी पद्धत आहे, तिच्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं कमी जागेत बसतात. डोमेनचं नाव कॅपिटलमध्ये लिहिलं तरी उघडतंच. म्हणजे ३४ अक्षरांची लिंक साधी लिहिली तर व्हर्जन ३ लागतं आणि पूर्ण कॅपिटल केली तर व्हर्जन २ मध्ये, २५ घरांत बसते. डोमेनच्या पुढं स्लॅशनंतर काही असेल तर मात्र ते कॅपिटलमध्ये उघडतं का ते आधी बघा, तिथं बऱ्याच सर्व्हरवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो.

आणि फुकट डायनॅमिक क्यूआर देणाऱ्या साइटचा कोड धातूवर कधीही कोरू नका. तो कोड त्यांच्या लिंकवर जातो आणि तिथून तुमच्या पानावर. त्यांनी मुदत संपली म्हणून लिंक बंद केली की शंभर कार्डं एकाच दिवशी निकामी. धातूवर कोरलेली गोष्ट वीस वर्षं टिकते, तिच्या आतली लिंकही तेवढी टिकणारी पाहिजे, म्हणून स्वतःचं डोमेन घ्या आणि पुढं कुठं पाठवायचं ते तिथून बदला.

शेवटचं पण मी सगळ्यात आधी विचारणार होते ते, मशीनला झाकण आहे का? दुकानात गिऱ्हाईकं, लेकरं उभी असतात. लाकडावर उजेड विखुरतो, धातूवरून तो आरशासारखा परत येतो, आणि हे क्लास ४, म्हणजे सगळ्यात धोकादायक गटातले लेझर आहेत, परतलेला किरणही डोळ्याला कायमची इजा करू शकतो. चष्मा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे ह्या निळ्या किरणासाठीचा आहे असं त्याच्यावर लिहिलेलं पाहिजे, नुसता हिरवा-नारिंगी रंग बघून विश्वास ठेवू नका. आणि चष्मा तुमच्या डोळ्यावर असतो, समोर उभ्या लेकराच्या नाही, त्यामुळं धातूचं काम बंद पेटीतच करा.


पाटीवाला_लातूर

राम राम. वरच्या दोघांनी फाइलचं सगळं सांगितलंच हाय, मी पत्र्याचं सांगतो, मी पाट्या करतो लातूरला.

आदी एक बगा, ते कार्ड खरंच ॲनोडाइज्ड हाय का नुसतं रंगवलेलं? काळं दोन्ही दिसतं. कापसावर थोडं थिनर घ्या आन मागच्या कोपऱ्यात घासा, रंग असंल तर कापूस काळा हुईल, ॲनोडाइज्ड असंल तर काहीच निघणार नाही. हे बघणं कामून गरजेचं तर दोन्हीवर लेझर वेगळं काम करतो. ॲनोडाइज्ड अल्युमिनियमवर वरचा थर ऑक्साइडचा असतो, त्याच्या बारीक छिद्रांत काळा रंग बसवलेला असतो. लेझर तो रंग उडवतो, थर जागेवरच राहतो, म्हणून पांढरं येतं ते मॅट येतं, खडूसारखं, कुठूनबी बघितलं तरी पांढरंच. रंगवलेल्या कार्डावर लेझर रंग जाळून काढतो आन खालचा चकचकीत पत्रा उघडा पडतो. तो पत्रा म्हणजे आरसाच झाला, वर काळा फोन धरला की त्याच्यात फोनच दिसतो, मग पांढरं पाहिजे तिथं कॅमेऱ्याला काळं दिसतं आन थोडं तिरकं केलं की परत पांढरं. पुढंमागं करत बसलं की कधीतरी उघडतो असं जे तुमी म्हणलाव त्याच्यात हेबी असू शकतं. रंगवलेली निघाली तर ती कार्डं क्यूआरला वापरूच नका, नावापुरती वापरा.

ॲनोडाइज्ड असंल तर फुल्ल पॉवर नको. लोकाला वाटतं जास्त जाळलं की जास्त पांढरं, पण एका हद्दीनंतर थरच जळतो, पांढऱ्याचं करडं-पिवळट हुतं आन हाताला खरखरीत लागतं. मी माझ्या ५ वॅटवर २००० ते ३००० मिमी प्रति मिनिट आन ६० ते ८० टक्के ह्याच्यात फिरतो, पण माझा आकडा तुमच्या मशीनवर तसाच चालंल असं नाही. लाइटबर्नमध्ये मटेरियल टेस्ट म्हणून हाय, एक कार्ड त्याच्यासाठी खर्च करा, चौकोनांची जाळी मारा, आन सगळ्यात पांढरा चौकोन निवडताना सगळ्यात कमी पॉवरवाला निवडा. कमी पॉवरला ठिपका बी बारीक राहतो, वर वाळूजच्या भाऊंनी जे फुगण्याचं सांगितलं ते आपोआप कमी हुतं.

दुसरं, ०.२ चा पत्रा सपाट बसत नाही. मधी फुगलेला असतो, कोपरे वर. फोकस एका कोपऱ्यात हाय आन मधी नाही, मग कोडचा अर्धा भाग तीक्ष्ण आन अर्धा पसरट. अल्युमिनियमला चुंबक लागत नाही. मी एमडीएफमधी कार्डाच्या मापाचा खाचा कापून ठेवलाय, त्याच्यात खाली दोन्हीकडून चिकटणारा टेप लावून कार्ड दाबून बसवतो. ह्या खाच्याचा अजून एक फायदा, आपल्याकडं लाईट कवाबी जाती. मधीच लाईट गेली की मशीन जागा विसरतं, पण कार्ड खाच्यात पक्कं असंल आन ओरिजिन कोपऱ्याला ठरलेला असंल तर परत तिथूनच धरता येतं, ते कार्ड वाया जात नाही. शंभर कार्डाच्या ऑर्डरला हे लई कामाला येतं.

आन उन्हाळ्याचं ध्यानात ठेवा. डायोड तापला की त्याची पॉवर उतरती. एप्रिल-मेमधी नांदेड-परभणीकडं पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमधी तर इचारूच नका. थंडीत ठरवलेली सेटिंग दुपारच्या टायमाला फिकी येती. मी धातूचं काम सकाळी उरकतो आन दुपारी एमडीएफ लावतो. लेन्सवर धूळ आन धूर बसतो ते बी आयसोप्रोपिलनं पुसत जा, पावर कमी झाली म्हणून लोक सेटिंग वाढवत बसतेत आन लेन्स काळी झालेली असती.


गोदाकाठ_ट्रॉफी, नांदेड

अण्णा, थिनर लावून बघितलं, कापूस पांढराच राहिला, म्हणजे कार्डं ॲनोडाइज्ड आहेत, बरं झालं. ताई, पेटी नव्हती, आता मशीन आतल्या खोलीत नेलंय आणि पेटी बनवायला टाकलीय, तोपर्यंत मेटलचं काम शटर लावूनच करणार.

कोड बदलला. मीकार्ड, इंग्रजी नाव, एक नंबर, एम लेव्हल, ३३ घरं, ०.७२ चं घर, समाससकट उलटं फिल, पॉवर ७० टक्के. कंपाउंडरच्या फोनवर उघडला! ट्यूबलाइटखाली, उन्हात, दोन्हीकडं. एकच राहिलंय, जवळून बघितलं तर उभ्या काठांना दातेरी येऊलालेत, एक ओळ थोडी डावीकडं, पुढची थोडी उजवीकडं, आडवे काठ मात्र एकदम साफ. वाचला जातो पण मला ते बरं दिसंना.


वाळूज_टूलरूम, छत्रपती संभाजीनगर

हे येता-जाता फिल मारल्यामुळं होतं. हेड डावीकडून येताना आणि उजवीकडून येताना लेझर चालू व्हायला किंचित उशीर होतो, म्हणून एक ओळ इकडं सरकते, दुसरी तिकडं. वेगासोबत वाढतं. बायडायरेक्शनल फिल बंद करा, सगळ्या ओळी एकाच दिशेनं जातील, वेळ जास्त लागेल पण दातेरी जाईल. शंभर कार्डांना तेवढा वेळ नसेल तर लाइटबर्नमध्ये स्कॅनिंग ऑफसेटचा तक्ता भरता येतो, वेगाप्रमाणं किती सरकवायचं ते. ओव्हरस्कॅन (हेड कोडच्या बाहेर जाऊन वळणं) चालू आहे ना तेही बघा, नाहीतर हेड वळताना वेग कमी होतो आणि कडेची घरं जास्त जळतात. बेल्ट सैल असेल तरी असंच दिसतं, आधी तो बोटानं दाबून बघा.


जालना_स्टील

स्टील प्लेटचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या जालन्यात स्टील सगळीकडं, त्यामुळं हा प्रयोग आमच्याकडं भरपूर झालाय.

स्टेनलेसवर डायोड कोरत नाही, वरचा थर तापवून गडद करतो, ऑक्साइडचा रंग येतो. म्हणजे इथं लेझरची जागा काळी पडते, तेव्हा कोड उलटा करायचा नाही, फाइल जशी आहे तशी मारायची. ५ वॅटला हे अवघड जातं, खूप हळू चालवावं लागतं आणि रंग एकसारखा येत नाही, १० वॅट आणि वर बरं पडतं. ५ वॅटवरच करायचं तर मोलिब्डेनम डायसल्फाइडचा स्प्रे घ्या. प्लेट आधी स्पिरिटनं स्वच्छ पुसा, बोटाचा डाग राहिला तरी तिथं पकडत नाही, पातळ एकसारखा थर मारा, पूर्ण सुकू द्या, मग लेझर चालवा आणि उरलेलं धुऊन टाका. काळं पक्कं बसतं, नखानं निघत नाही. धूर मात्र वाईट असतो, एक्झॉस्ट बाहेर काढा आणि मास्क लावा.

प्लेट आरशासारखी पॉलिशची घेऊ नका. ब्रश किंवा मॅट फिनिशची घ्या, चकचकीत प्लेटवर काउंटरवरची ट्यूबलाइट दिसते आणि कोडच्या मधोमध पांढरा पट्टा येतो. आणि स्टील गरजेपेक्षा जास्त तापवलं तर त्याचा गंज न लागण्याचा गुण तिथं कमी होतो, हॉटेलच्या काउंटरवर दिवसातून दहा वेळा ओल्या फडक्यानं पुसणार, चार महिन्यांत तांबूस दिसायला लागतं. म्हणून हॉटेलसाठी मी स्प्रेवालाच मार्ग सांगेन.

कुणी पितळेवर मागितलं तर डायोडच्या नादी लागू नका, सरळ लागत नाही. आपल्याकडं पितळेच्या पाट्या ॲसिडनं खायची जुनी पद्धत आहे तीच वापरा, पितळेवर रंगाचा थर द्या, लेझरनं फक्त रंग काढा, फेरिक क्लोराइडमध्ये ठेवा, सर्किट बोर्डवाल्यांकडं मिळतं, आणि खोल झालेल्या जागेत काळा रंग भरा. घर मिलिमीटरच्या वर ठेवा कारण ॲसिड बाजूनंही खातं. वापरलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्याच्यात तांबं उतरलेलं असतं.

यूपीआयच्या कोडबद्दल एवढंच की त्याचा मजकूर स्वतःच्या मनानं बनवू नका. हॉटेलवाल्यांना बँकेनं जो कोड दिलाय तो स्कॅनरनं उलगडून आतला मजकूर आहे तसाच, एकही अक्षर न बदलता घ्या, त्याच्यात यूपीआय आयडीशिवाय व्यापाऱ्याचे इतर तपशील असू शकतात आणि साउंडबॉक्सही त्यावरच अवलंबून असतो. मजकूर लांब असतो म्हणून प्लेट मोठी घ्या, कोड १० सेमीचा झाला तरी चालतो, काउंटरच्या पलीकडून स्कॅन करायचाय. मालकाला आधीच सांगा की बँक बदलली तर प्लेट बदलावी लागेल. कोडच्या खाली दुकानाचं नाव, फोनवर पैसे पाठवताना जे दिसतं तेच, मराठीत आणि इंग्रजीत ठळक कोरा, कुणी वरून दुसरं स्टिकर चिकटवलं तर गिऱ्हाईकाच्या लगेच लक्षात येतं. आणि भिंतीला स्क्रू मारायच्या आधी मालकाच्या समोर एक रुपया पाठवून बघा, स्क्रीनवर त्यांचंच नाव आलं आणि साउंडबॉक्स बोलला की मग लावा.